सतराव्या भागाचे साक्षीदार

आठ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्रखोलीत मी ब्रेकची पट्टी पाहत होतो तेव्हा फोन वाजला. अशा खोल्यांत सहसा रेंज नसते. त्या दिवशी नेमकी होती. क्लबचे चिटणीस बोलत होते, आणि इतक्या मोठ्याने, की मोटर चालू असती तरी ऐकू आलं असतं. "अहो, सतरावा सापडला!" मी म्हटलं, "कोण सतरावा?" खरं म्हणजे पहिल्याच शब्दाला मला कळलं होतं, पण अशा वेळी माणूस वेळ काढतो. "सतरावा भाग हो! कोणी एक गृहस्थ वारले, त्यांच्या मुलीला माळ्यावर टेप मिळाली. रविवारी चार वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत दाखवतोय. तुमच्याशिवाय सुरू करायचं नाही असं ठरलंय." दोर खाली जाण्यासाठी यंत्रखोलीच्या जमिनीत एक भोक ठेवलेलं असतं. माझ्या हातातली बॅटरी त्यातून गेली. ती खाली आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता येतच नाही. मिस्त्री वाकून बघत म्हणाला, "गेली, साहेब." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "घरचंच आहे," आणि त्याने पुढे केलेल्या वहीत सही केली. जिना उतरताना लक्षात आलं, की ब्रेकची पट्टी पुरती पाहिलीच नव्हती. लिफ्ट तपासायच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. परत वर चढून गेलो आणि पट्टी पाहून आलो. ठीक होती.

सांगितलं तर हसाल, पण सांगायला हवं. "पैलतळ" नावाची विज्ञानमालिका पंचवीस वर्षांपूर्वी टीव्हीवर दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता लागायची. एका ओसाड ग्रहावरचा तळ, त्यावरची नऊ माणसं आणि कधीच वेळेवर न येणारं रसदीचं यान, एवढाच पसारा. दार जोरात लावलं की तळाच्या भिंती हलायच्या. पण आम्हा अकरा जणांना तिचं वेड लागलं होतं, आणि वेडी माणसं करतात तेच आम्ही केलं. क्लब काढला आणि क्लबचं मासिक काढलं. त्याचं नाव "पैलपत्र". चोवीस पानं, सायक्लोस्टाइल, दीडशे प्रती, आणि शाईने शर्टाच्या बाह्यांची वाट. मी संपादक होतो. टाइप करायची ती मुलगी पुढे माझी बायको झाली. तेव्हा तिला सगळे खटखट म्हणायचे. मुखपृष्ठावरची चित्रं कप्तान काढायचा. त्याने जन्मात कशाचंही नेतृत्व केलेलं नाही, मालिकेतल्या कप्तानाचा आवाज हुबेहूब काढायचा म्हणून तो कप्तान. शिकत होता दातांची डॉक्टरी. टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचं यंत्र तेव्हा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं, आणि मालिका दाखवणारी मंडळी अशी करंटी, की जुन्या टेपा पुसून त्यांवर नवं काहीतरी भरायची. एकदा लागून गेलेला भाग गेला तो गेला. म्हणून पैलपत्राचं खरं काम एकच होतं, प्रत्येक भागाचा वृत्तान्त छापणं, प्रसंग न् प्रसंग, जमतील तेवढे संवाद. एका सभासदाने चौथ्या भागाच्या वृत्तान्तात तळावरच्या स्वयंपाक्याला मारून टाकलं आणि पाचव्या भागात तो स्वयंपाकी पळी हलवत हजर झाला, तेव्हा मीच नियम घालून दिला. वृत्तान्ताखाली, तो भाग प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. सही नाही तर छापणं नाही. ह्या नियमाचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या गावच्या एका क्लबाने तो आमच्याकडून उचलला तेव्हा मी त्यांना चार ओळींचं उदार पत्रही लिहिलं होतं.

आणि सतराव्या भागाला मला झोप लागली. आईचं दुखणं चालू होतं, नोकरी नवी होती, दिवसाला नऊ नऊ लिफ्ट तपासत होतो. ही कारणं खरी आहेत, पण कारणंच आहेत. पहिली दहा मिनिटं पाहिली, आणि डोळे उघडले तेव्हा शेवटची नावं वर सरकत होती. मांडीवरच्या वहीत एक ओळ होती आणि तिच्यापुढे पेनाची लांबलचक रेघ, हात घसरल्याची. दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर आठवडाभर चिडवलं असतं आणि मिटलं असतं. पण ज्याने नियम केला तोच झोपला हे कोणत्या तोंडाने सांगू? शुक्रवारी रजा काढली आणि मधला सगळा भाग मनाने लिहून काढला. फार काही लागलं नाही. यान उशिरा येतंय आणि तळावरची हवा कमी पडतेय, हे सुरुवातीलाच कळलं होतं. शेवटी सगळे वाचतात हे उघडच होतं, कारण मालिका पुढे चालू राहणार होती. मधे जागा होती. त्या जागेत मी तळावरच्या तंत्रज्ञ बाईला रेडिओसमोर बसवलं. खरखरीतून तिला तिच्या मेलेल्या भावाचा आवाज येतो. तो खरा नाही, हवा कमी पडली की माणसाला असले आवाज येतात, हे तिनेच मघाशी बाकीच्यांना समजावलेलं असतं. तरी ती बटण दाबते आणि विचारते, "जेवलास का?" बस्स, एवढंच. कुठून सुचलं कोणास ठाऊक. आतल्या खोलीत आई खोकत होती, स्टोव्हवर पाणी होतं. आयुष्यात मी एवढी एकच चांगली गोष्ट लिहिली आणि तीच माझी म्हणून सांगता येत नाही. अंक गेला आणि पत्रं आली. एकाने लिहिलं, तो प्रसंग पाहताना मी ढसाढसा रडलो. एका बाईंनी तर त्या वेळी तंत्रज्ञ बाईच्या चेहऱ्यावर निळा उजेड होता असंही कळवलं. फक्त एका प्रामाणिक माणसाने कार्ड टाकलं, की मला हा प्रसंग आठवत नाही, बहुधा मी तेव्हा पाणी प्यायला उठलो असेन. पुढे क्लबात एकमेकांना भेटल्यावर "जेवलास का?" म्हणायची रीतच पडली. सकाळी सात वाजता भेटले तरी म्हणायचे.

हे सगळं मी पचवलं असतं. पण खाली सह्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी मी पानं टाइप करायला खटखटच्या घरी, तिच्या आईच्या हातात देऊन आलो. शनिवारी दुपारी अंकाच्या कामाला आम्ही कप्तानच्या वडिलांच्या दवाखान्यामागच्या खोलीत जमायचो. मी दार ढकललं तर ती दोघं आधीच आलेली, एकत्र, त्याच्या स्कूटरवरून. काहीतरी कुजबुज चालली होती, ती मला पाहून थांबली. कप्तानने नको तेवढ्या मायेने उठून मला खुर्ची दिली. ती म्हणाली, "छान लिहिलंयस," आणि सुईच्या पेनाने स्टेन्सिलवर सही केली. तिच्याखाली कप्तानने केली. सही करण्याआधी त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. मी शाईचा डबा उघडत होतो आणि डब्याच्या झाकणाआडून हे सगळं पाहत होतो. माझी मती तिथेच अडकली, ती आजतागायत. जो प्रसंग झालाच नव्हता तो ह्या दोघांनी पाहिला होता. म्हणजे दोघांनीही भाग पाहिलेला नव्हता. गुरुवारी सात ते आठ अख्ख्या क्लबातला एकही जण टीव्हीसमोरून हलायचा नाही, आणि नेमकी त्याच वेळी ही दोघं कुठेतरी दुसरीकडे होती. सही म्हणजे काय चीज आहे हे मला पोटापाण्याच्या धंद्याने शिकवलंय. लिफ्टच्या वहीत दर महिन्याला सह्या असतात, "तपासले, ठीक आहे," आणि खाली खड्ड्यात उतरून पाहावं तर वर्षभराची जळमटं. न पाहता सही करणारा माणूस त्या वेळी दुसरीकडे कुठेतरी असतो. प्रश्न फक्त कुठे, एवढाच. आणि तोच प्रश्न मला विचारता येत नव्हता, कारण तो विचारायचा तर आधी "तो प्रसंग मी बनवला" हे सांगायला हवं. त्यांची चोरी मी पकडली होती, पण ती माझ्या चोरीच्या उजेडात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग लग्न कसं केलंस, असं कोणी विचारेल. तिनेच विचारलं. अकरा महिन्यांनी, बसथांब्यावर, हातात टाइपरायटरच्या रिबिनी घेऊन. मला ती आवडत होती, त्या शनिवारच्या आधीपासून आवडत होती. आणि मला असंही वाटलं की जवळ असली की कधीतरी कळेल. पंचवीस वर्षं मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. कप्तानचं पत्र आलं की ते ती कुठे बसून वाचते, त्याचं नाव निघाल्यावर चहात साखर विसरते का, बहिणीकडे जाते म्हणाली तर बहिणीकडेच गेली होती का. काही सापडलं नाही, आणि काही न सापडणं हाच मला मोठा पुरावा वाटायचा. कप्तान दोन वर्षं दुसऱ्या गावी दवाखाना चालवत होता, तेव्हा नेमकी हिला त्याच गावच्या शाळेत मुख्य कारकुनाची जागा मिळत होती. मी आईचं दुखणं पुढे केलं. आई तेव्हा बरीच बरी होती. ही एक शब्द बोलली नाही, अर्ज फाडून टाकला आणि इथल्याच शाळेच्या कचेरीत खालच्या जागेवर राहिली, ती अजून तिथेच आहे. कप्तान परत आला तेव्हा मी त्याला घरी बोलवणं हळूहळू बंद केलं. कधी पाहुणे आहेत, कधी रंगकाम आहे. त्याच्याकडे मी दातही दाखवत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक थरथरत्या हाताचे म्हातारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जातो. आणि एक गोष्ट सांगायची लाज वाटते. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात तिला हातात घेतलं आणि आधी तिचे कान पाहिले. कप्तानचे कान बाहेर आलेले आहेत. मुलगी लग्नानंतर पाच वर्षांनी झाली, कप्तान तेव्हा दुसऱ्या गावी होता, मला हिशेब काय कळत नव्हता? तरी पाहिले. पुढेही पाहत राहिलो, ती वेणी घालायला लागेपर्यंत.

फोन आला त्या बुधवारी संध्याकाळी घरी गेलो तर ही इस्त्री करत होती. मी बूट काढायच्या आतच म्हणाली, "कळलं ना? सतरावा सापडला." मी विचारलं, "तुला कोण म्हणालं?" "चिटणीस. आधी घरीच फोन केला त्यांनी. मग तुझ्या मोबाइलवर." हे पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला ते जपून घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, "आणि कप्तानला?" "त्यालाही केला असेल. सगळ्यांना करतायत, आनंदाने वेडे झालेत." तिने माझा शर्ट उलटा केला आणि कॉलर दाबली. मी तिचं तोंड पाहत होतो. घाबरलेलं नव्हतं. किंचित हसू होतं, आणि ते हसू मला कळेना. जिची खोटी सही रविवारी चव्हाट्यावर येणार ती बाई शांतपणे कॉलरला इस्त्री कशी करते? का तिला ठाऊक आहे की माझंही तेवढंच उघडं पडणार, आणि मग मी तोंड उघडू शकणार नाही? "तुला काय झालंय?" ती म्हणाली, "चेहरा बघ कसा झालाय." मी म्हटलं, "दात दुखतोय." ते खोटं नव्हतं. दुपारपासून खरंच ठणका लागला होता. "मग जा ना कप्तानकडे. किती वर्षं त्या म्हाताऱ्याकडून छळ करून घेणारेस?" तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, "कोणाचं काय बिघडतं रे, कळत नाही मला."

गुरुवारी ठणका वाढला, शुक्रवारी गाल सुजला. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या दाराला कुलूप. मी कप्तानच्या दवाखान्यावरून दोनदा गेलो आणि तिसऱ्यांदा आत शिरलो. दाताचं निमित्त होतं आणि दात खरोखर दुखत होता, पण मी गेलो ते रविवारच्या आधी एकदा त्याचा चेहरा पाहायला. "अरे! जेवलास का?" तो ओरडला. केस पिकले होते, कान तेच. त्याला खरा आनंद झालेला दिसत होता, आणि मला अशा आनंदाची भीती वाटते. खुर्ची मागे झाली, दिवा तोंडावर आला, तोंडात कापूस आणि नळी. तेव्हा तो माझ्या डोक्याशी उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, "सतरावा सापडलाय. आता काय करायचं?" मी घशातून नुसता आवाज काढला. "मी विचार केला त्यावर," तो म्हणाला, यंत्र सुरू केलं, थांबवलं. "खटखटशीही बोललो. तू काळजी करू नकोस. आम्ही दोघं आहोत ना." पाय आखडून घेण्याशिवाय मला काहीही करता येत नव्हतं. बोललो म्हणजे कधी बोललो? तिने तर बुधवारी "त्यालाही केला असेल" म्हटलं होतं. आम्ही दोघं म्हणजे कोण दोघं? त्याला कसं माहीत, की मला काळजी आहे? मनातल्या मनात मी त्याचं एकेक वाक्य उलटंपालटं करून पाहत होतो, आणि तो माझ्या दातात मसाला भरत होता. काम संपल्यावर त्याने फी घेतली नाही. मी पैसे टेबलावर ठेवले, ते त्याने उचलून माझ्या खिशात कोंबले. म्हणाला, "इतक्या वर्षांनी आलास, येत जा रे." हात हलका होता त्याचा, काही दुखलं नव्हतं, हे मला घरी पोचल्यावर जाणवलं आणि जास्तच राग आला.

शनिवारी मी ठरवलं की आपणच आधी सगळं सांगून टाकायचं. दुपारी हिच्यासमोर बसलोही. ती मुलीशी फोनवर बोलत होती. मुलगी शिकायला बाहेर असते. "बाबांनी दात दाखवला एकदाचा," ती सांगत होती, "हो, कप्तानकाकाकडेच." आणि हसली. मी उठून बाल्कनीत गेलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्यासारख्या दोन्ही बाजूंनी चोर झालेल्या माणसाच्या मनात काय असतं, त्याला म्हण नाही.

रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. मूळ अकरांपैकी सात राहिलेले. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवून अंधार केला होता, मधूनमधून मथळे उजेडात दिसत होते. पहिली दहा मिनिटं मला आठवत होती तशीच निघाली, आणि मग अकराव्या मिनिटापासून मी आयुष्यात पहिल्यांदा सतरावा भाग पाहू लागलो. सगळ्यांना तो पाठ होता, म्हणजे मी लिहिलेला पाठ होता; मीच एकटा पुढे काय होणार म्हणून कान टवकारून बसलो होतो. तंत्रज्ञ बाई रेडिओच्या खोलीत आली तेव्हा खोलीतल्या खुर्च्या करकरल्या. कोणीतरी "श्श" केलं. ती बसली. खरखर झाली. तिने रेडिओची मागची झाकणी काढली, एक तार जोडली, झाकणी लावली आणि उठून गेली. पुढचा प्रसंग सुरू झाला. आता बोंब होणार, आता कोणीतरी मागे वळून माझ्याकडे बघणार. आणि चिटणीसांनी टेप थांबवली व हळहळत म्हणाले, "गेलं! नेमकं तेवढंच गेलं!" मागून एक बाई म्हणाल्या, "जाहिराती गाळायच्या नादात कापलं असणार त्या गृहस्थांनी." "तरीच उडी मारल्यासारखं वाटलं." "निळा उजेड मला अजून आठवतो." समोर धडधडीत अखंड टेप होती, तिच्यात कुठे सांधा नव्हता, एक ठिपकाही उडाला नव्हता, आणि माझ्या माणसांनी मिनिटाभरात ठरवून टाकलं की टेप खोटी आणि पैलपत्र खरं. मला हसावं की रडावं ते कळेना. चिटणीसांनी तिथेच कागद काढला. पुढच्या अंकात छापायचं, "सापडलेली टेप अपूर्ण असून रेडिओचा प्रसंग तीत नाही, तो मूळ प्रसारणात होता." नियम म्हणजे नियम, दोन साक्षीदार हवेत. "मूळचे दोघं इथेच आहेत की!" म्हणत त्यांनी कागद हिच्यापुढे केला. तिने चष्मा लावला, वाचलं, सही केली. कागद कप्तानकडे गेला. त्याने सही करण्याआधी तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. मग त्याने माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला. पंचवीस वर्षांनी, माझ्या समोर, उजेडात, तीच सही.

घर तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. ऊन उतरलं होतं, दुकानांच्या फळ्या उघडत होत्या. निम्मी वाट सरली. बंद पडलेल्या कापडाच्या दुकानापाशी ते आपोआप तोंडातून गेलं. "त्या गुरुवारी तुम्ही दोघं कुठे होतात?"

"कुठल्या गुरुवारी?"

"सतराव्याच्या."

"घरी. आणखी कुठे असणार?" ती चालतच होती. "मी आईबरोबर पाहत होते, तो त्याच्या घरी. शुक्रवारी तुझी पानं आली, वाचली, म्हटलं हे काय, असा प्रसंग तर नव्हताच. शनिवारी सकाळी त्याला फोन केला. तो म्हणाला, मलाही नाही आठवत. मग तोच म्हणाला, ह्याच्या आईचं जास्त झालं असणार, पाहायलाच मिळालं नसणार ह्याला. विचारलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला, नियम त्याचाच ना. आपण सही करून टाकू. काय बिघडतंय?" ती थोडं हसली. "आणि प्रसंग चांगला होता रे. खऱ्यापेक्षा चांगला. मी तीनदा वाचला. घरात आई अशी पडलेली असताना ज्याला हे सुचतं, त्याच्याशी..." पुढचं तिने बोलायचं सोडून दिलं. "परवा शुक्रवारी कप्तानच म्हणाला मला, रविवारी तो घाबरेल, आपण सांभाळून घेऊ. काय झालं होतं त्या दिवशी आईला? मी कधी विचारलं नाही. म्हटलं, कशाला आठवण करून द्या."

"काही नाही. मला झोप लागली होती."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली. दुकानाच्या शटरला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "झोप! आणि आम्ही पंचवीस वर्षं..." मलाही हसू फुटलं. किती वर्षांनी आम्ही रस्त्यात उभे राहून असे हसत होतो. त्यांनी भाग पाहिला होता आणि तरीही सही केली होती. हे एवढं सोपं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी ज्या धंद्यात आहे तिथे न पाहता सही करणारे असतात, पाहूनसुद्धा दुसऱ्यासाठी खोटी सही करणारं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. म्हणजे घरात होतं, पण भेटलं नव्हतं.

रुमालाने डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "आणि तुला काय वाटलं? आम्ही का सही केली असं वाटलं तुला?"

मधली जागा भरून काढायची मला एवढी सवय, पण काही सुचलं नाही.

"तुम्ही दोघं कुठे होतात, म्हणालास तू आत्ता," ती म्हणाली. हसू तोंडावरून पुरतं गेलं नव्हतं, ते जाताना मी पाहिलं. "दोघं." एक सायकलवाला घंटी वाजवत मधून गेला. ती बाजूला झाली आणि पुन्हा होती तिथे आली. "मला ती नोकरी मिळत होती, तेव्हा आईंना खरंच तेवढं बरं नव्हतं?"

"तेवढं नव्हतं. म्हणजे... बरं होतं."

"आणि कप्तानला घरी नाही बोलवायचं, ते?"

मी मान खाली घातली.

"आणखी काही आहे?"

"नाही," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. खरं बोलतोय की खोटं, हे शोधत. ती नजर मला ओळखीची होती. फक्त आजवर ती माझ्या बाजूने असायची. तिने काय ठरवलं ते मला कळलं नाही.

"चिटणीस असतील अजून तिथे," ती म्हणाली.

"कशाला?"

"आजची सही खोडते. जुनीबद्दल लिहून देते."

"अगं, असं काय... उद्या फोन करू ना. मी सांगतो त्यांना, मीच सांगतो सगळं."

"तुझं तू सांग. कप्तानचं कप्तान बघेल. मला माझी काढायची आहे."

"मी येतो बरोबर."

"नको. तू जा घरी."

घराची एकच किल्ली आणली होती आम्ही. ती तिच्याकडे होती. तिने पर्समध्ये हात घालून ती शोधून काढली, माझ्या हातात दिली आणि वाचनालयाकडे चालू लागली.